बारा संगणक, आठ वर्ग: प्राथमिक शाळेत संगणक कुठे मांडावेत आणि मुलांत कसे वाटावेत

शाळेत संगणकांची खोकी उतरली की पहिला प्रश्न येतो, "लॅब कुठल्या खोलीत करायची?" हा प्रश्न तिसऱ्या-चौथ्या पायरीवरचा आहे. त्याआधी ठरवायचं ते असं: आपल्या शाळेतल्या एका मुलाचा हात आठवड्यातून किती मिनिटं माऊसवर किंवा कीबोर्डवर पडणार? शेजारच्याच्या खांद्यावरून बघितलेलं धरायचं नाही, बाईंनी पडद्यावर दाखवलेलं धरायचं नाही. फक्त हात. त्याला इथे 'हाताची मिनिटं' म्हणू आणि प्रत्येक निर्णय याच मापाने मोजू.

जूनमध्ये शाळा उघडताना ज्यांच्याकडे संगणकाचा चार्ज आला आहे, अशा शिक्षकांसाठी हा लेख आहे. उदाहरण पुण्यातल्या एका नेहमीच्या शाळेचं घेऊ: पहिली ते चौथी, प्रत्येकी दोन तुकड्या, म्हणजे ८ वर्ग, वर्गात ४० मुलं, हाताशी १२ डेस्कटॉप. तुमचे आकडे वेगळे असतील, हिशेबाची रीत हीच राहील.

आधी मोजणी

एका दुपारी सगळी यंत्रं एकेक करून लावून बघा आणि तीन गट करा: चालणारी, दुरुस्त होणारी, निर्लेखनाला (निकामी ठरवून शाळेच्या नोंदीतून कमी करायला) काढायची. 'चालणारं' म्हणजे सुरू होऊन काम करण्याजोगं व्हायला दोन मिनिटांपेक्षा जास्त न घेणारं. पाच मिनिटं गोल फिरत बसणारं यंत्र दुसऱ्या गटात टाका.

दुसऱ्या गटातली बरीच यंत्रं तीन साध्या गोष्टींनी मार्गी लागतात. चालू करताना नुसत्या शिट्ट्या वाजतात आणि पडदा काळाच राहतो, तर वायर काढून रॅम (मेमरीची पट्टी) बाहेर काढा, तिचे सोनेरी दात साध्या खोडरबराने हलके घासा, कोरड्या फडक्याने पुसा आणि खटका बसेपर्यंत परत दाबा. दुसरी गोष्ट तारखेची. यंत्र रोज सकाळी दहा-पंधरा वर्षं मागची तारीख दाखवतं आणि कुठलीही वेबसाइट उघडली की 'हे कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणतं. तिथे इंटरनेटचा काही दोष नसतो, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तो बदलून तारीख नीट लावली की तक्रार मिटते. तिसरी गोष्ट हार्ड डिस्क. जुनी फिरती डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवली की तीन-चार मिनिटांत उठणारं यंत्र साधारण अर्ध्या मिनिटात उठतं. देणगीतून थोडेच पैसे मिळणार असतील, तर नव्या यंत्राआधी ते एसएसडीवर खर्च करा. त्यातून मिळणारी मिनिटं थेट मुलांच्या हातात जातात.

देणगीत आलेलं प्रत्येक यंत्र त्याच आठवड्यात जडवस्तू संग्रह नोंदवहीत चढवा आणि ते स्वीकारल्याचा शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव घेऊन ठेवा. कंपन्या कधी कधी आपली जुनी अडगळ 'दान' करतात. आठ यंत्रं चालत असतील आणि चार मेलेली असतील, तर ठरावात आठ आणि चार असंच लिहा. मेलेली यंत्रं पुढे निर्लेखनाशिवाय हलवता येत नाहीत आणि वर्षानुवर्षं खोली अडवतात.

हाताची मिनिटं कशी काढायची

३५ मिनिटांची तासिका घ्या. वर्गातून रांगेने येण्यात ३, बसून यंत्र सुरू करण्यात ४, शेवटी आवरण्यात ४ मिनिटं जातात. ११ गेली, उरली २४. आठवड्याला दोन तासिका असतील तर ४८ मिनिटं गुणिले १२ यंत्रं, म्हणजे ५७६ यंत्रमिनिटं. भागिले ४० मुलं: प्रत्येकी १४.४ मिनिटं. तीही बाराच्या बारा यंत्रं चालली तर. दोन बंद पडली की आकडा १२ वर येतो.

आता त्याच दोन तासिका सलग घ्या. ७० मिनिटांतून ११ एकदाच जातात, ५९ उरतात. वर्गाचे वीस-वीसचे दोन गट करा. एक गट यंत्रांवर, दुसरा त्याच खोलीत मधोमध सतरंजीवर वहीत काम करत. अदलाबदलीला ३ मिनिटं धरली, तर प्रत्येक गटाला २८ मिनिटं मिळतात. वीस मुलं म्हणजे दहा जोड्या, म्हणजे लागतात दहाच यंत्रं. जोडीत प्रत्येकाला १४ मिनिटं. आकडा जवळजवळ तोच राहिला, पण एका यंत्रावर तीन-चार जणांची झुंबड गेली, आणि दोन यंत्रं राखीव राहिली. एखादं ऐनवेळी रुसलं तरी तास बिघडत नाही. जोडतासिकेची ही रचना आम्ही इतर सगळ्यांपेक्षा वरची मानतो. ती मान्य करून घेण्यासाठी मुख्याध्यापकांसमोर हाच हिशेब फळ्यावर मांडा.

सतरंजीवरच्या गटाला खरं काम लागतं. पुढच्या अर्ध्या तासात यंत्रावर जे चित्र काढायचं त्याचा आराखडा चौकटीच्या कागदावर करणं, किंवा कीबोर्डची ए-३ आकाराची लॅमिनेट केलेली झेरॉक्स पुढे घेऊन अक्षरं शोधणं. 'शांत बसा' एवढंच सांगितलं, तर दहाव्या मिनिटाला गोंगाट सुरू होतो आणि बाई यंत्रं सोडून तिकडे अडकतात.

लॅब, वर्गकोपरा की पिशवीतले लॅपटॉप

वर्गकोपरा म्हणजे यंत्रं वर्गावर्गांत वाटून टाकणं. आपल्या उदाहरणात पहिली-दुसरीच्या चार वर्गांना एकेक आणि तिसरी-चौथीच्या चार वर्गांना दोन-दोन, झाली बारा. चौथीच्या वर्गात दिवसाला तीन तासिका ३०-३० मिनिटं ती दोन यंत्रं चालू राहिली, तर पाच दिवसांत ९०० यंत्रमिनिटं होतात, मुलामागे २२.५. पहिलीत ११.२५. कागदावर चौथी लॅबला सहज मागे टाकते. पण हे तेव्हाच खरं, जेव्हा वर्गशिक्षिका गणित शिकवताना चार मुलांना मागे पाठवतील, पंधरा मिनिटांनी बोलावतील आणि पुढची चार पाठवतील. रोज. ज्यांना हे जमतं त्यांच्या वर्गात मुलं फार छान शिकतात. ज्यांना जमत नाही त्यांच्या वर्गात यंत्रावर कापड चढतं आणि त्यावर वह्यांचा गठ्ठा बसतो.

म्हणून प्रत्येक वर्गशिक्षकाला स्वतंत्रपणे विचारा, "दिवसाला तीन पाळ्या चालवाल का?" निम्म्यांपेक्षा कमी जण हो म्हणाले तर लॅब करा. पाच किंवा त्याहून कमी यंत्रं चालत असतील, तर मात्र लॅबच्या फंदात पडू नका, तयारी दाखवणाऱ्या दोन-तीन वर्गांतच ती द्या. कोपऱ्यातलं यंत्र फळ्याशेजारी ठेवायचं नाही, खडूची भुकटी पंख्यातून आत जाऊन बसते. वर्गाच्या मागच्या भिंतीला असं ठेवा की वापरणारं मूल भिंतीकडे तोंड करून बसेल. पडदा फळ्याच्या दिशेला येतो: बाईंना दिसतो, पुढे बघणाऱ्या मुलांना दिसत नाही.

लॅपटॉपची ट्रॉली माहितीपत्रकात देखणी दिसते. पेठेतल्या जुन्या इमारतीत लिफ्ट नसते, जिना अरुंद आणि पायऱ्या उंच, तिथे ती पहिल्या आठवड्यातच एका मजल्यावर कायमची थांबते. लॅपटॉप असतील तर पाच-पाचच्या दोन पिशव्या करा, म्हणजे एका मोठ्या माणसाला एक पिशवी उचलता येते. चार्जिंगला ६५ वॉटचे दहा अडॅप्टर म्हणजे ६५० वॉट, एका १६ अँपिअरच्या सॉकेटला हे जड नाही. धोका असतो तो कपाटाचा. बंद लाकडी कपाटात रात्रभर चार्जिंगला लावून कुलूप घालू नका, गरम हवेला वाट मिळत नाही आणि बॅटरी फुगते. शाळेच्या वेळेत, दार उघडं ठेवून, कुणीतरी आसपास असताना चार्ज करा. मे महिन्याच्या सुट्टीत निम्म्या चार्जवर ठेवा.

भिंतीवरचा मोठा टीव्ही किंवा प्रोजेक्टर शिकवायला उपयोगी आहे, पण त्यातून हाताची मिनिटं मिळतात शून्य. संगणकांच्या मोजणीत तो धरू नका.

खोली

पहिला मजला सगळ्यात बरा. वरच्या मजल्यावर जुलैत स्लॅब गळतो, तळमजल्यावर पाणी शिरतं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत शिरलेलं मुठेचं पाणी पुणेकरांच्या लक्षात आहे. ओढ्या-नदीकाठच्या शाळेत तळमजल्याशिवाय पर्यायच नसेल, तर सगळे सॉकेट जमिनीपासून तीन फुटांवर घ्या आणि सुट्टीत सीपीयू टेबलावर चढवून जा.

आणखी एक गोष्ट फार उशिरा लक्षात येते. शाळा मतदान केंद्र किंवा परीक्षा केंद्र होते तेव्हा ठरावीक खोल्या ताब्यात जातात. मागच्या निवडणुकीत कुठल्या खोल्या गेल्या होत्या ते शिपाई मामांना विचारा आणि त्या सोडून खोली निवडा.

कबुतरांसाठी खिडक्यांना जाळी आणि उंदरांसाठी दाराखालच्या फटीला पट्टी हवीच. उंदीर नेटवर्कची वायर आवडीने कुरतडतात.

मांडणी

२० बाय २५ फुटांची खोली धरा. दाराची आणि फळ्याची आखूड भिंत मोकळी सोडा. दोन्ही लांब भिंतींना पाच-पाच आणि समोरच्या आखूड भिंतीला दोन, अशी बारा ठाणी इंग्रजी यू अक्षराच्या आकारात लागतात. मुलांची तोंडं भिंतीकडे, पडदे आतल्या बाजूला. मधे उभं राहून एक गिरकी घेतली की सगळे पडदे दिसतात. ओळीने लावलेल्या बाकांवर बाईंना फक्त पडद्यांच्या पाठी दिसतात, आणि वायरी मधल्या वाटेत येतात.

प्रत्येक ठाण्याला ४ फूट लांबी द्या, दोन मुलांच्या कोपरांना तेवढी लागते. टेबलाची खोली २ फूट. नेमक्या कोपऱ्यात यंत्र ठेवू नका, दोन जोड्यांची कोपरं तिथे एकमेकांत अडकतात. वरच्या मापात कोपरे मोकळेच राहतात. टेबल आणि खुर्ची मिळून दोन्ही बाजूंना साडेचार-साडेचार फूट गेले, तरी मधे ११ बाय २० फूट जागा उरते. वीस मुलांची सतरंजी तिथे आरामात बसते.

उंचीकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. ऑफिसचं टेबल २९-३० इंच उंच असतं, सात वर्षांच्या मुलाला ते छातीपर्यंत येतं. मग मूल खांदे उचलून टाइप करतं आणि दहा मिनिटांत कंटाळतं, आणि आपण म्हणतो त्याला आवड नाही. टेबल २२ ते २४ इंच, बैठक १३-१४ इंच ठेवा. मोठी टेबलंच मिळाली असतील, तर सुताराकडून पाय कापून घ्या. ते शक्य नसेल तर उंच स्टूल द्या आणि पायाखाली घरातला साधा लाकडी पाट. पाय लोंबकळत राहिले की मूल पुढे सरकतं आणि पडद्याला नाक लावतं. मॉनिटर सीपीयूवर चढवू नका. पडद्याची वरची कड मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत हवी. माऊस लहान आकाराचे घ्या. डावखुऱ्या मुलांसाठी माऊसची वायर डावीकडे पोचेल एवढी सैल सोडा.

खिडकीचं ऊन समोरच्या पडद्यांवर पडतं. खिडकीला जाड कापडी पडदे लावा, तेही फक्त खालच्या अर्ध्या भागाला, म्हणजे वरून उजेड येत राहतो.

पादत्राणांबद्दल आमचं स्पष्ट मत आहे. लॅबबाहेर बूट काढायला लावू नका. चाळीस मुलांच्या नाड्या सोडण्या-बांधण्यात चार-पाच मिनिटं जातात, आणि ओलसर फरशीवर अनवाणी उभं राहून विजेच्या यंत्राला हात लावणं सुरक्षित नाही. दाराशी काथ्याचं जाड पायपुसणं टाका, तेवढं पुरे. धुळीपेक्षा डब्यातल्या तेलाने कीबोर्डचं जास्त नुकसान होतं. मधल्या सुट्टीनंतरच्या तासाला हात धुऊन, पुसूनच आत यायचं.

वीज

इथे घाई आणि काटकसर दोन्ही नकोत. जुना डेस्कटॉप आणि मॉनिटर मिळून १०० ते १२० वॉट धरा. बारांचे १,२०० ते १,४४० वॉट. २३० व्होल्टला ५ ते ६ अँपिअर. एका १६ अँपिअरच्या सर्किटवर हे बसतं, तरी सहा-सहाची दोन सर्किटं करून घ्या. प्रत्येकाला वेगळी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळी एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि वेगळी ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज अर्थिंगला किंवा माणसाच्या अंगातून गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच). कारण असं: संगणकाच्या प्रत्येक पॉवर सप्लायमधून थोडासा प्रवाह नेहमीच अर्थिंगला झिरपतो. एकट्या यंत्राचा तो नगण्य असतो, पण बारांचा एकत्र झाला की कुठलाही बिघाड नसताना आरसीसीबी पडू लागते. मग कंटाळून कुणीतरी तिला बगल देऊन वायर जोडतं, आणि मुलांचं संरक्षणच निघून जातं. दोन भाग केले की हा प्रश्न येत नाही, आणि एक बाजू गेली तरी सहा यंत्रं चालू राहतात.

अर्थिंग स्वतः उभं राहून तपासून घ्या. वायरमनला प्रत्येक सॉकेटवर मल्टिमीटर लावायला सांगा. फेज आणि न्यूट्रलमधे साधारण २३० व्होल्ट, फेज आणि अर्थमधे जवळपास तेवढेच, न्यूट्रल आणि अर्थमधे २-३ व्होल्टच्या आत. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग तुटलेलं आहे. पॉवर सप्लायमधल्या फिल्टरमुळे अशा वेळी पत्र्यावर मुख्य दाबाच्या साधारण निम्मा दाब येऊन बसतो. "थोडं जाणवतंच" असं म्हणून ते सोडून द्यायचं नाही. अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत ती बाजू बंद ठेवा.

एक्स्टेंशन बोर्डाला दुसरा बोर्ड जोडायचा नाही. वायरी भिंतीला केसिंग-कॅपिंगमधून (झाकणाच्या प्लास्टिक पट्टीतून) न्या, जमिनीवर एकही नको. हे सगळं सामान बुधवार पेठेत तपकीर गल्लीत एका फेरीत मिळतं. वायर आणि एमसीबी घेताना आयएसआय खूण बघा आणि पक्कं बिल मागा, नोंदवहीला ते लागतंच.

यूपीएस सगळ्यांना घेऊ नये असं आमचं मत आहे. ६०० व्हीएचा यूपीएस एका डेस्कटॉपला दहा-पंधरा मिनिटं देतो आणि दोन-तीन वर्षांत बॅटरी बदलायला लावतो. बारा बॅटऱ्यांचा खर्च शाळेला पेलत नाही, मग मेलेले यूपीएस वाटेत पडून राहतात. शिक्षकांचं यंत्र आणि राउटर यांच्यापुरता एक घ्या. बाकीच्यांना एसएसडी बसवा आणि मुलांना दर पाच मिनिटांनी काम सेव्ह करायची सवय लावा.

नेटवर्क आणि आतली व्यवस्था

बारा यंत्रांना वायरच बरी. १६ पोर्टचा एक नेटवर्क स्विच (सगळ्या यंत्रांच्या केबल एकत्र जोडणारी पेटी) आणि कॅट-६ नेटवर्क केबल. यंत्रामागे सरासरी १० मीटर धरले तर १२० मीटर लागते, ३०५ मीटरच्या खोक्यातलं निम्म्याहून जास्त उरतं. केबलच्या दोन्ही टोकांना तोच क्रमांक लिहा. हे दहा मिनिटांचं काम टाळलं, तर पुढे प्रत्येक बिघाडाला अर्धा तास शोधाशोध होते. घरगुती वायफाय राउटरवर वीसेक यंत्रं एकदम चढली की तो गुदमरतो, आणि जुन्या दगडी भिंतींतून लहरी नीट जातही नाहीत. राउटरमधे डीएनएस (वेबसाइटचा पत्ता शोधून देणारी सेवा) १.१.१.३ लावा, त्याने घातक आणि प्रौढांसाठीच्या साइट गाळल्या जातात. ही एक चाळण झाली. यंत्रांवर नजर ठेवणारं माणूस तरीही लागतं.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि बहुतेक जुनी यंत्रं विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रांवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली टाका, ४ जीबी रॅमवर प्राथमिक शाळेचं काम निभतं. दोन खाती करा. 'विद्यार्थी' खात्याला नवं काही टाकण्याचे अधिकार नकोत, 'शिक्षक' खात्याला पासवर्ड हवा. प्रत्येक यंत्रावर वर्गवार फोल्डर, त्यात हजेरी क्रमांकाने मुलांचे. मुलांची पूर्ण नावं आणि फोटो यंत्रावर ठेवण्याचं कारण नाही. मूल सहा महिने एकाच यंत्रावर बसेल असं बघा, नाहीतर मागच्या आठवड्याचं चित्र शोधण्यातच तास जातो.

पहिली-दुसरीला टक्सपेंट (चित्रं काढायला) आणि जीकॉम्प्री (शैक्षणिक खेळ), तिसरी-चौथीला त्यात स्क्रॅचची (ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायला) भर. तिन्ही मोफत आहेत आणि इंटरनेट नसतानाही चालवता येतात. पहिल्या वर्षी याहून जास्त काही टाकू नका.

मराठी टायपिंग तिसरीपासून इनस्क्रिप्टने शिकवा. हा १९९१ चा भारतीय मानक ब्यूरोचा कीबोर्ड आहे. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला. काना इंग्रजी ई च्या कळीवर असतो, क हा के वर, म हा सी वर, ब हा वाय वर, द हा ओ वर. म्हणून पहिले शब्द काका, मामा, बाबा, दादा. प्रत्येक दुसऱ्या ठोक्याला तोच काना येतो, आणि दोन तासांत मूल बघता बघता चार शब्द लिहून दाखवतं. 'आई' पुढच्या आठवड्यात, कारण आ आणि ई दोन्हींना शिफ्ट लागते. इंग्रजी स्पेलिंग टाइप करून मराठी उमटवण्याची सवय या वयात लावू नये, मुलाला अजून त्या स्पेलिंगचा आधारच नसतो.

वेळापत्रक

आठ वर्गांना आठवड्यातून एकेक जोडतासिका म्हणजे आठ जोडतासिका. सोमवार, मंगळवार, बुधवार, शुक्रवार, रोज दोन. गुरुवार जाणूनबुजून मोकळा ठेवा. पुण्यात महावितरणची देखभालीची कामं बहुतेक गुरुवारी निघतात, आणि ज्या वर्गाचा तास कायम गुरुवारी असेल तो वर्ष संपेपर्यंत मागे राहतो. गुरुवारी झाडलोट, दुरुस्ती, नोंदी. शनिवारची सकाळ बुडलेल्या तासांच्या भरपाईला. दोन सत्रांची शाळा असेल तर दोन्ही सत्रांच्या मुख्याध्यापकांनी एकाच कागदावर सही करा आणि तो कागद दारावर लावा. 'आमची यंत्रं सकाळवाल्यांनी बिघडवली' ही तक्रार बहुतेकदा नोंद नसल्यामुळे होते, म्हणून दाराशी दोरीला बांधलेली वही हवी: तारीख, वर्ग, यंत्र, तक्रार, सही. एवढे पाच रकाने.

तासाआधी दहा मिनिटं चौथीतली दोन मुलं येऊन यंत्रं सुरू करतील अशी पाळी लावा. सुरू करण्यातली चार मिनिटं वाचतात आणि मुलांना हे काम मनापासून आवडतं. एमसीबी मात्र मोठ्या माणसानेच चढवायची आणि उतरवायची.

एका यंत्रावर दोघं

एकाला म्हणा 'चालक', दुसऱ्याला 'वाटाड्या'. चालकाच्या हातात माऊस. वाटाड्याने बोलायचं, बोटाने दाखवायचं, पण माऊसला हात लावायचा नाही. सात मिनिटांनी घंटी वाजली की अदलाबदल. २८ मिनिटांत प्रत्येकाच्या दोन पाळ्या होतात. वेळ मोबाइलवर बघू नका, स्वयंपाकघरातला टायमर आणा. घंटी सगळ्यांना ऐकू येते आणि 'बाई, याने जास्त वेळ घेतला' हे थांबतं.

जोड्या शिक्षकांनी ठरवायच्या. घरी संगणक असलेलं मूल आणि पहिल्यांदाच माऊस धरणारं मूल एकत्र बसवलं, तर माऊस पहिल्याकडेच राहतो. 'हुशार मूल शिकवेल' असं वाटतं, प्रत्यक्षात ते स्वतः करून मोकळं होतं. साधारण सारख्या सरावाची मुलं जोडा. मुलगा-मुलगी जोडीत पहिले काही तास नीट लक्ष ठेवा, मुलींच्या हातून माऊस हळूच काढून घेतला जातो आणि त्या तक्रार करत नाहीत. पहिली पाळी एका आठवड्यात विषम हजेरी क्रमांकाची, पुढच्यात सम. जोडीदार गैरहजर असेल तर मुलाला एकटं बसू द्या, तिघांची जोडी करू नका. राखीव दोन यंत्रं त्यासाठीही आहेत.

यंत्रांना क्रमांकाबरोबर नावं द्या. पुणे जिल्ह्यातले बारा किल्ले घ्या: सिंहगड, तोरणा, राजगड, पुरंदर, शिवनेरी, लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग, राजमाची, मल्हारगड आणि चाकणचा संग्रामदुर्ग. पहिलीच्या मुलाला 'यंत्र क्रमांक सात' लक्षात राहत नाही, पण "बाई, तोरण्याचा माऊस अडकतोय" हे ते लगेच येऊन सांगतं. दुरुस्ती अशी वेळेवर सांगितली गेली तरच वेळेवर होते.

दुरुस्ती आणि नोंदी

कपाटात हे कायम असू द्या: ४ माऊस, २ कीबोर्ड, २ पॉवर केबल, १ पॉवर सप्लाय, ५ सीआर २०३२ सेल, २ नेटवर्क केबल, एक स्क्रूड्रायव्हर संच, एक मऊ ब्रश. माऊस सगळ्यात आधी जातात, बहुतेकदा प्लगजवळ वायर मोडून. ती टेबलाच्या कडेला क्लिपने बसवली की आयुष्य वाढतं. दिवाळीच्या आणि मेच्या सुट्टीत प्रत्येक कॅबिनेट उघडून ब्लोअरने धूळ काढा. पंखा बोटाने धरून ठेवा, तो भरधाव फिरला तर खराब होऊ शकतो. पावसाळ्यात यंत्रं आठवडाभर बंद ठेवू नका. रोज अर्धा तास चालली तरी आतला दमटपणा जातो.

निर्लेखन झालेलं यंत्र भंगारवाल्याला विकू नका. २०२३ च्या एप्रिलपासून लागू असलेल्या ई-कचरा नियमांप्रमाणे पुनर्चक्रण करणाऱ्याला नोंदणी लागते, म्हणून ते नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडेच द्या. त्याची पावती निर्लेखनाच्या ठरावाला जोडा. देण्याआधी डिस्क काढून ठेवा. यू-डायसच्या (दरवर्षी सरकारला द्यायच्या शाळेच्या) माहितीत चालणाऱ्या यंत्रांचाच आकडा भरा.

दिवाळीच्या सुट्टीआधीचा एक आठवडा फेरमोजणीला ठेवा. प्रत्येक वर्गातली पाच मुलं निवडा, त्यांच्या हातात माऊस आला की गेला तेवढी मिनिटं एका कागदावर रेघांनी मांडा. ठरवलेल्या १४ ऐवजी ९ येत असतील तर गळती कुठे आहे ते त्याच कागदावर दिसतं: येण्याजाण्यात, सुरू करण्यात, की घंटी न वाजवण्यात. वर्गकोपऱ्यातलं एखादं यंत्र आठवड्यात तासभरही चाललं नसेल, तर ते उचलून मागणाऱ्या वर्गात न्या, आणि हलवल्याची नोंद त्याच दिवशी वहीत करा.